भाईच्या नावाचा पट्टा

स्वस्त वस्तूला नावं ठेवायची आमच्या घरात जुनी खोड आहे. छत्री गळली, की स्वस्तातली. कुकरची शिटी होईना, की स्वस्तातला. आपण ती नीट वापरत नाही, असं कधी कुणाच्या तोंडून निघायचं नाही. मी जामसंड्याच्या प्राथमिक शाळेत जन्मभर दुसऱ्यांची मुलं वळणाला लावली, पण माहेरच्या माणसांपुढे माझं काही चाललं नाही. वस्तू काय सांगते ते आधी ऐकावं आणि मग तिची किंमत काढावी, एवढी साधी गोष्ट त्यांना पटली नाही, आणि पटली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता.

माहेर म्हणजे आचरा. तिथं माझा थोरला भाऊ गुरुदास, त्याला सगळी वाडीच भाई म्हणते, आणि त्याची बायको जानकी, माझी वयनी. त्यांची एकुलती एक मुलगी संचिता मुंबईला नोकरी करते. मी निवृत्त झाले तरी जामसंड्याचं घर सोडलं नाही. भावाच्या घरी पाहुणी म्हणून गेलं की चहात साखर जास्त पडते, कायमचं राहायला गेलं की तीच साखर महाग होते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. सणावाराला एसटीनं जायचं, दोन दिवस राहायचं, भाईशी भांडायचं, वयनीच्या हातचं खायचं आणि परत यायचं.

दोन वर्षांमागे आंब्याच्या दिवसांत भाईला हार्ट अटॅक आला. गोव्याला नेऊन स्टेंट घालून आणला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. भाईचं गेलं तसं लवकरच, पण त्या दुखण्याचा मान मात्र घरात राहून गेला. डॉक्टरनं सांगितलं होतं, जड उचलू नका आणि रोज चालत जा. त्यातलं पहिलं त्याला चांगलं लक्षात राहिलं. भाई पडवीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. पाण्याचा तांब्या हातात, गोळ्या हातात, चष्मा हातात. आणि हे सगळं हातात आणून देणारी वयनी. बावीचं, म्हणजे विहिरीचं पाणी तीच काढायची, गाय तीच बघायची, घरामागच्या परड्यातल्या काजीखालचा, म्हणजे काजूच्या झाडांखालचा पाचोळा तीच झाडायची.

त्या वर्षी चतुर्थीला संचिता आली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. बाबांच्या हाताला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधायचा. पट्ट्याला भाईच्या मोबाईलची जोड द्यायची, म्हणजे ठोक्यांची रेघ तिला मुंबईत बसून तिच्या मोबाईलवर दिसणार. महागातलं घड्याळ तिच्या पगाराला झेपणारं नव्हतं, आणि पोरीनं ते लपवलंही नाही. म्हणाली, "आते, परवडणाऱ्यातलाच बघुया, पण बरो बघुया."

गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पडवीत बसलो. संचिता मोबाईलवर एकेक चित्र दाखवत होती आणि आम्ही मुलगी बघायला गेल्यासारखे प्रत्येकात खोट काढत होतो. पहिला होता छातीला बांधायचा. ठोक्यांना सगळ्यात अचूक तोच, असं तिनं सांगितलं.

"मी काय बैल आसंय, छातीक पट्टो बांधूक?" भाई म्हणाला. तो तिथंच बाद झाला.

दुसरा घड्याळासारखा गोल, दिसायला झोकदार. त्याच्यावर फोनसुद्धा घेता येतो म्हणे. पण तो रोज चार्ज करावा लागणार होता. आमच्याकडे वीज किती भरवशाची ते संचिताला ठाऊक होतं, तिनं स्वतःच मान हलवून पुढचं चित्र काढलं. तिसरा बारीक, काळा, रबरासारख्या पट्टीचा. आकडे मोठे, पाण्यानं खराब न होणारा, एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालणारा. ठोके फार वाढले किंवा फार कमी झाले तर मोबाईलवर सूचना देणारा. विकत घेतलेल्यांनी लिहिलेलं सगळं तिनं वाचून दाखवलं. ठोके बरोबर दाखवतो, पावलं थोडी जास्त मोजतो, झोपेचं काही खरं नाही.

"एवढ्या स्वस्तात मिळता म्हणजे खरा सांगता कशावरना?" मी विचारलं.

"आते, ह्यो काय डॉक्टर नाय," संचिता म्हणाली. "पण रोजच्यापेक्षा येगळा काय झाला तर आपणाक सांगतलो. मगे डॉक्टरकडे आपण जावचा. माका तेवढाच व्हया."

भाईचा प्रश्न वेगळा होता. "चामड्याचो नाय मां?" आमच्या वाडीत महादेवाचं लहानसं देऊळ आहे, त्याची पूजा घरटी पाळीनं चालते, आणि दसऱ्यापासून वर्षभराची पाळी आमच्या घराकडे येणार होती. चामडं नाही म्हटल्यावर तिसरा पट्टा ठरला.

मग संचितानं वर पाहिलं. "आये, दोन घेतले तर दुसरो अर्ध्या किमतीत देतत. एक तुका घेव?"

वयनी उंबऱ्याशी विळीवर बसून खोबरं खवत होती. "माका कित्याक? माका काय झाला हा?"

"तिका कित्याक," भाईनंही तेच म्हटलं. खोबरं खवायचं थांबलं नाही आणि विषय पुढे गेला.

संचिता मुंबईला परतायच्या आत पट्टा कुरिअरनं आला. तिनं तो भाईच्या मनगटाला बांधला, हाडाच्या जरा वर, खालचा हिरवा उजेड कातडीला टेकेल असा. मग मोबाईलवर त्याची माहिती भरायला बसली. नाव, वय, उंची, वजन. वजन गोव्याच्या डॉक्टरच्या कागदावर होतं. वयनी हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि भटजी पूजेचा संकल्प सांगतो तेव्हा बघावं तशी एकाग्र होऊन बघत राहिली.

"नाव हेंचा घातलंस मां?"

"होय."

"म्हणजे ह्या आता हेंचाच सांगतला."

"बाबांचाच सांगतला. पण काढूक देव नको हां तेंका, आये. ती रेघ तुटली काय माझो जीव जाता थंय."

वयनीनं मान डोलावली. तिनं एकदा मान डोलावली की ते काम झालं म्हणून समजायचं, ही तिची आयुष्यभराची रीत.

ह्यानंतर जे घडलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं, पण इथंच सांगते, म्हणजे तुमचा माझ्यासारखा घोळ व्हायला नको.

दसऱ्याला भाईनं पूजेची पाळी घेतली. पहिल्याच सकाळी देवळात शेजारचा बाबू म्हणाला, "भाई, ह्या घालून देवाक हात लायतास?" भाईनं पट्टा काढून सभामंडपातल्या खुंटीला अडकवला आणि गाभाऱ्यात गेला. पूजा झाली, आरती झाली, पट्टा खुंटीला राहिला. दुपारी संचिताचा फोन. रेघ दिसत नाही, बाबा बरे आहेत ना, आणि बोलता बोलता रडायलाच लागली. वयनीनं तिला कसंबसं समजावलं, स्वतः देवळात जाऊन पट्टा आणला, आणि भाई जेवून झोपला होता म्हणून आपल्याच हातात घातला. रेघ सुरू झाली. पोरीचा फोन आला, आता दिसतंय.

दुसऱ्या दिवसापासून तेच चालू झालं. भाई गाभाऱ्यात शिरताना पट्टा काढून वयनीकडे द्यायचा, ती बाहेर सभामंडपात हार गुंफत बसायची आणि तो हातात घालायची. मग पूजेपुरताच कशाला? भाईला त्याखाली घाम यायचा, खाज यायची. वयनीच्या हाताला सगळ्याचीच सवय.

पण ती काही पोरीला फसवत नव्हती. सत्यनारायणाला नवरा पूजा करतो आणि बायको शेजारी बसून त्याच्या हाताला नुसता हात लावते. पूजा त्याच्या नावाची, हात तिचा, पुण्य दोघांचं. हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं, आणि लग्न झाल्यापासून केलेलं. "गाभाऱ्यात येवन माका तुमच्या हाताक हात लावक मिळणा नाय," ती भाईला म्हणाली होती. "म्हणान ह्यो घालतंय. नाव तर तुमचाच घातलेला आसा." संकल्प एकदा ज्याच्या नावानं सोडला त्याचंच ते सगळं, मग पाणी कुणाचाही हात घालो. माझी वयनी सातवीपर्यंत शिकलेली, मोबाईलवर फोटो पाठवणारी, गॅस मोबाईलवरून नोंदवणारी बाई. पण आपल्या हाताचं काही आपल्या नावावर जमा होतं, हा अनुभवच तिला नव्हता. तिला ते खरं वाटावं तरी कसं?

आणि भाई? भाईनं विचारच केला नाही. मला त्याचा राग आला तो ह्याचाच, आणि अजून येतो.

तिकडे मुंबईत संचिता खूश. बाबा केवढे चालतात! तिनं मला फोन करून सांगितलं, आते, बाबा सकाळी उजाडायच्या आधी उठून चालायला लागतात, दुपारी चालतात, संध्याकाळी चालतात. ती भाईला मोबाईलवर फुलं पाठवायची, 'शाबास बाबा' लिहून. आणि हा गृहस्थ खुर्चीत बसून ती शाबासकी घ्यायचा, चार लोकांना दाखवायचासुद्धा. मी दिवाळीला गेले तेव्हा पट्टा त्याच्या हातात होता. मी येणार म्हटलं की तो त्याच्या हातात जायचा. शाळेत तपासणीला साहेब आला की मुलांचे केस विंचरतात, तसा माझा त्या घरात वचक. मी दोन दिवस बघितलं, भाई खुर्चीतून हलायला तयार नाही.

"अरे, तू चलतस तरी खंय एवढो?" मी विचारलं.

"देवळात जातंय मां," तो म्हणाला. वयनी आत वळली. तिच्या डाव्या मनगटावर, बांगड्यांच्या मागे, कातडी पांढुरकी पडलेली मला दिसली होती. चुलीजवळ भाजलं असेल असं मला वाटलं.

मार्गशीर्षात पहिली सूचना आली. ठोके कमी. पहाटे एकदा, मग दुपारी चालताना. चालताना ठोके वाढायला हवेत, इथं ते खाली जात होते. संचितानं दोन दिवस वाट पाहिली, परत तेच. ती रजा टाकून आली, ती येणार म्हणून पट्टा परत भाईच्या हातात गेला होता. तिनं गाडी केली आणि बापाला घेऊन गोव्याला गेली. वयनी घरी राहिली, गाईला कोण बघणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिली असेन. आमच्याच घरातून तो बंब निघाला आणि मी जामसंड्याला बसून फोनवर विचारत होते, पोचलात का?

डॉक्टरनं सगळं नीट तपासलं. भाईचं हृदय उत्तम. चालवून पाहिलं, यंत्राला लावून पाहिलं, ठोके जागच्या जागी. डॉक्टर म्हणाला, पट्टा सैल बसत असेल, नीट घट्ट बांधा, पुन्हा दिसलं तर या. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्यासमोर जो माणूस बसवला होता तो ठणठणीत होता.

त्या खोलीत भाईनं तोंड उघडलं असतं तर! पट्टा माझ्या हातात नसतो, एवढंच बोलायचं होतं. त्यानं नंतर मला सांगितलं, "पोरगी केवढी खर्चात पडली, रजा टाकून इली, आणि आता सांगलंय तर माका काय म्हणात? आणि माका वाटला पट्टोच खराब. स्वस्तातलो." घरी परतल्यावर सगळ्यांनी मिळून पट्ट्याला शिव्या घातल्या. संचितासुद्धा म्हणाली, जरा पैसे घालायला हवे होते. तरी जाताना तिनं बजावलं, असू दे, हातातून काढू नका.

वयनीनं मात्र पट्ट्याला नावं ठेवली नाहीत. तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता. ज्याच्या नावाचा पट्टा त्याचंच काहीतरी बिघडतंय, डॉक्टरला दिसत नसलं म्हणून काय झालं? तिनं महादेवाला सांगणं केलं आणि सोमवार धरले. नुसते सोमवार नव्हेत, निर्जळी. देवळाची पायवाट अनवाणी. भाईचे ठोके वर यावेत म्हणून.

पौषात मी गेले तेव्हा ती बावीच्या कठड्याला टेकून बसली होती, कळशी बाजूला. वयनी आणि दिवसाउजेडी बसलेली, हे मला नवीन होतं.

"काय गो वयनी?"

"काय नाय, सीता. घेरी इल्यासारखी झाली. उपास आसा मां."

"कसलो उपास?"

"हेंच्यासाठी."

मी तिला उपासाबद्दल झाडली. भाईला पडवीत जाऊन झाडलं, की तिला जरा बघ. भाई म्हणाला, ती माझा ऐकता कधी? मी कळशी उचलली तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. माहेरवाशिणीनं पाणी वाहायचं नसतं. कोकम सरबत करून दिलं मला, आणि स्वतः पाण्याचा थेंब घेतला नाही.

माघ सरता सरता काजी पडायला लागल्या. ती सकाळ मी पाहिलेली नाही. त्या टोकाचं संचितानं सांगितलं, ह्या टोकाचं भाईनं.

पूजा आटपून दोघं घरी आली होती. वयनीनं भाईला चहा दिला आणि परड्यात काजीच्या बिया वेचायला गेली. मोबाईल पडवीच्या खिडकीत होता, घरात रेंज तिथंच मिळते. मुंबईत संचिता नुकतीच कामावर पोचली होती. मोबाईल थरथरला म्हणून तिनं पाहिलं. ठोके कमी. अशा सूचना मार्गशीर्षापासून येतच होत्या, ती फोन ठेवणार होती. पण रेघ तिच्या डोळ्यांसमोर खाली चालली होती. खाली गेली, आणखी खाली गेली, आणि मग नुसती जागा राहिली.

तिनं घरी फोन लावला. ती सांगते, आते, घंटा वाजत होती आणि मी देवाला म्हणत होते की आयेनं उचलू नये, कारण आयेनं उचलला तर ती रडत असणार.

फोन भाईनं उचलला.

"हां, बोल गो."

"बाबा? तुमी बोलतास?"

"मगे कोण बोलतलो?"

"तुमी बरे आसास?"

"बरो आसंय. चाय पितंय."

ती म्हणते, मी तेव्हा हसले. एवढा जीव भांड्यात पडला की कामाच्या ठिकाणी सगळ्यांसमोर हसले. तो मेला स्वस्तातला पट्टा! आणि मग विचारलं, "बाबा, पट्टो काढून ठेवल्यात?"

"पट्टो माझ्याकडे खंय? तो तुझ्या आवशीच्या हातात."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून," भाई म्हणाला. अगदी सहज म्हणाला.

मग संचिता हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आये खंय आसा? जावन बघा."

वयनी शेवटच्या काजीखाली पडली होती. बियांची टोपली उपडी झालेली, डोकीवरचा पदर सुटलेला. ज्या माणसाला भरलेली कळशी उचलायची बंदी होती, त्यानं तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि परड्यातून पडवीपर्यंत आणलं. बाबू धावत आला, गाडी आली, दवाखान्यात नेलं. नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दहावं झालं तसं संचितानं त्या गोव्याच्या डॉक्टरला पट्ट्याची सगळी रेघ पाठवली, ह्या वेळी खरं सांगून. त्यानं ती सगळी पाहिली. मग म्हणाला, अशा ठोक्यांना पेसमेकर बसवतात. लहानसं काम असतं. माणसं मग वर्षानुवर्षं जगतात.

म्हणजे सगळ्या घरात खरं एकच बोललं होतं, तो पट्टा. त्यानं ठोके बरोबर मोजले. दोन महिने सांगत राहिला. आणि आम्ही शिकलेसवरलेले त्याची किंमत काढत बसलो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. संचिता दुसऱ्या दिवशी निघणार होती. दुपारी पडवीत आम्ही तिघंच. विळी उंबऱ्याशी तशीच होती, कुणी उचलली नव्हती. भाई खुर्चीत न बसता जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, वयनी गेल्यापासून तो खुर्चीत बसलेला मी पाहिला नाही. तो म्हणाला, "माका दाखय ता."

संचितानं मोबाईल त्याच्यापुढे धरला आणि एकेक दिवस उलगडत नेला. आईचा सबंध दिवस तिथं होता. पहाटे उठली ते होतं, बावीवर गेली ते होतं, दुपारी घर झोपलेलं असतानाचं तिचं चालणं होतं. मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, एवढ्या वर्षांत ही बाई दिवसभर काय करते ते आम्ही आज पहिल्यांदा बघतोय. मार्गशीर्षापासून त्या रेघेत खड्डे पडायला लागले होते. पण रोज सकाळी एक तुकडा मात्र सरळ, शांत. खड्डे पडायला लागल्यावरही तो तसाच.

"ह्या काय?" भाईनं बोट ठेवलं.

"काय की. रोज सकाळी तसाच आसा."

भाई बघत राहिला. "तेवा ती देवळात बसा," तो म्हणाला. "हार गुंथत. मी आत घांट वाजवी, ती भायर आयकत ऱ्हवा."

संचिता रडायला लागली. मीही रडले, भाईसमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते तरी. भाई रडला नाही. त्यानं विचारलं, "ह्याच्यात माझा कितीसा?"

"सुरवातीचा थोडासा तुमचा, बाबा. बाकी सगळा आयेचा."

वर मात्र अजून त्याचंच नाव होतं. गुरुदास. मला ते बघवेना. मी म्हटलं, "संचिता, ता नाव बदल. निदान हयसर तरी तिचा नाव घाल."

मला वाटलं भाई काही बोलेल. त्यानं नुसता हात पुढे केला. मोबाईल स्वतः घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहिलं. जानकी. मग मोबाईलनं पुढचं विचारलं. वय. ते भाईला ठाऊक होतं. उंची. संचितानं आपल्या खांद्याशी हात धरला, हयसर येय, म्हणाली, आणि अंदाजानं घातलं. मग वजन.

भाईनं संचिताकडे पाहिलं. संचितानं माझ्याकडे पाहिलं. वयनीला कधी कुणी काट्यावर उभी केलेली आमच्यापैकी कुणाला आठवेना. भाईच्या फायलीत त्याचे कागद होते, तिचा एक नव्हता. ती कधी दवाखान्यात गेली होती ती संचिताच्या जन्माला, आणि पुढे भाईबरोबर, त्याची पिशवी धरून. ती चौकट भरल्याशिवाय मोबाईल पुढे जाऊ देत नव्हता.

भाई त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसला. मग मोबाईल जमिनीवर ठेवून त्यानं दोन्ही हात पुढे घेतले, काहीतरी उचलून धरल्यासारखे, आणि ते तसेच धरून राहिला.

"हलकी होती गो," तो म्हणाला. "उचललंय तेवा कायच वजन नाय होता तिका."